मसुराएवढा गंज

शनिवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, मोराविया प्रांतातील दोल्नी कोवार्ना या गावी, तेथील शस्त्रकारखान्याचे निवृत्त अंतिम तपासनीस श्री. बोहुमिर हूर्निक यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या पिस्तुलावर, मसुराच्या दाण्याएवढा गंज आढळला.

"लिबुशे!" ते ओरडले.

"काय झालं? मेलं कोण?" त्यांच्या पत्नीने भट्टीतून आलुबुखाराचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, काढता काढता विचारले.

"गंज! मुठीच्या वर, डाव्या अंगाला!"

"बोहुश, मलाही बराच चढलाय. माझ्यासाठी असा कधी ओरडला नाहीस."

पण प्रसंग थट्टेचा नव्हता. दुपारी तीन वाजता ब्रनोहून लिलावगृहाच्या मूल्यमापक श्रीमती श्टोल्बोवा यायच्या होत्या, आणि त्यांच्या येण्यावर लिबुशेचा समुद्र अवलंबून होता.

हा समुद्र शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेला होता. एक्क्याण्णव साली, लग्नाच्या आठव्या वर्षी, लिबुशेने क्रोएशियातील एका बेटाचे चित्र तिथे लावले. त्याच वर्षी बोहुमिरने साठवलेले सारे पैसे देऊन हे पिस्तूल घेतले: संपूर्ण पोलादी, अठ्ठ्याहत्तर सालच्या पहिल्या तुकडीतले, परदेशी गेलेल्या मालातून परत आलेले. "पिस्तूल पिकू दे," तो म्हणाला होता, "मग समुद्रावर जाऊ." पुढे बत्तीस वर्षे पिस्तूल पिकत राहिले. चित्रातला निळा समुद्र पिवळा पडला, चित्रातल्या होडीचे शीड गळून शीतकपाटामागे गेले. शेजारीपाजारी मात्र दर उन्हाळ्यात गाडीत तळलेल्या मांसाच्या चकत्या भरून त्या बेटावर जात, आणि लिबुशेला शिंपले आणून देत. असे शिंपले तिच्याकडे चार बरण्या भरून होते.

हूर्निक यांचा सिद्धान्त गावाला पाठ होता. दर गुरुवारी मद्यगृहात भरणाऱ्या 'पोलादी मंडळा'च्या सात सभासदांना ते तो दर गुरुवारी नव्याने ऐकवीत. पोलादाला वय येते तशी किंमत येते. प्लास्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल दुकानाचा उंबरठा ओलांडते तेव्हाच निम्मे मरते. अशा पिस्तुलांना ते 'साबणदाण्या' म्हणत, आणि ती वापरणाऱ्या माणसाला हस्तांदोलनासाठी दोनच बोटे देत.

श्रीमती श्टोल्बोवांच्या पत्रात तीनच वाक्ये होती. तिसरे अधोरेखित होते: वस्तू आहे त्या स्थितीत राहू द्यावी, पुसूही नये.

"वाचलंस ना?" लिबुशेने विचारले.

"वाचलं. ते सामान्य माणसांसाठी आहे. मी एक्केचाळीस वर्षं या कारखान्यातून गंजका नग बाहेर जाऊ दिला नाही. आता माझ्याच टेबलावर, माझ्याच नावाने गंजका नग मांडू? ओताला बोलव."

ओताकार हा लिबुशेचा धाकटा भाऊ. तो त्याच कारखान्यात पॉलिश विभागात होता, आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या पोलादात बायका केस विंचरून घेत, अशी त्याची ख्याती होती. दोल्नी कोवार्नात असे कारागीर घरोघरी आहेत, आणि हेच त्या गावाचे दुर्दैव आहे. जो सरकारचे चोरत नाही तो घरच्यांचे चोरतो, अशी एक म्हण कम्युनिस्ट राजवटीत तिकडे होती. गावाने ती इतक्या निष्ठेने पाळली, की आजही प्रत्येक परसातल्या खोलीत कारखान्याचा अर्धा विभाग उभा आहे. हाताशी हत्यार आणि अंगात कसब असले, की माणसाला समोरची वस्तू आहे तशी बघवत नाही.

ओताकार नऊ वाजता आला. त्याने डोळ्याला भिंग लावले.

"एवढंच? मेव्हण्या, याला पाच मिनिटं."

खरोखरच पाच मिनिटांत गंज गेला. गंजाच्या जागी नाण्याएवढा एक लखलखीत ठिपका उरला.

"हे काय?" हूर्निक म्हणाले.

"स्वच्छ पोलाद."

"आणि भोवतालचं?"

"ते जुनं पोलाद."

"दोन रंगांचा नग मी मंजूर केला असता?"

"तू तुझ्या आईलाही मंजूर केलं नसतंस," ओताकार म्हणाला, आणि त्याने सगळी डावी बाजू घासून काढली. मग उजवी बाजू रोगट दिसू लागली. तीही घासली. घासताना कारखान्याची अक्षरे पुसट झाली, म्हणून ओताकारने ती हाताने पुन्हा कोरली, आणि ती मुळापेक्षा कितीतरी सुबक उठली. मग परसातून बाटली आणून साऱ्या पोलादावर असा काळानिळा रंग चढवला, की तशी झळाळी कारखान्याला त्याच्या भरभराटीच्या काळातही कधी साधली नव्हती.

हा सारा प्रकार मूर्खपणाचा होता असे म्हणणे सोपे आहे. पण त्यातले एकही पाऊल तर्काला सोडून नव्हते. एकाला दोष दिसल्यावाचून राहवत नसे, दुसऱ्याला दोष काढल्यावाचून. असे दोघे एका टेबलापाशी बसले की वस्तूचे काय होणार, हे वस्तूला कोणी विचारत नाही.

बारा वाजता लिबुशेने रश्शाचे वाडगे आणले, आणि पिस्तुलाकडे बघताच ते टेबलावर आदळले.

"ओता, पत्रात पुसूही नका असं लिहिलंय."

"ताई, पुसलं कुठे? आम्ही घासलंय."

त्यानंतर ओताकारने मुठीच्या दोन्ही काळ्या पट्ट्या काढल्या, एकीवर नखाने टकटक केले, आणि ती उजेडात धरून पाहिली.

"बोहुश," तो म्हणाला, "रागावू नकोस. ह्या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत."

बत्तीस वर्षे. बत्तीस वर्षे दर रविवारी हूर्निक यांनी ती मूठ हातात धरून प्लास्टिकवर प्रवचने दिली होती.

"अठ्ठ्याहत्तरपासून अशाच होत्या," ओताकार समजुतीच्या सुरात म्हणाला. "सगळ्याच नगांना. तुला ठाऊक नव्हतं?"

"मी पोलाद तपासत होतो," हूर्निक थंडपणे म्हणाले. "मुठी तपासायचं काम शेजारच्या टेबलावरच्या क्रेचीचं होतं." एवढे बोलून ते उठले, त्यांनी चुलीचे झाकण उचलले, आणि दोन्ही पट्ट्या आत टाकल्या. धूर इतका काळा आणि उग्र होता, की लिबुशेने कोलाचे बाहेर अंगणात नेऊन ठेवले.

अडीच वाजता ओताकारने घरच्या अक्रोडाच्या लाकडाच्या नव्या पट्ट्या बसवल्या. त्यांवर लिंडन वृक्षाची पाने कोरली होती, शिरांसकट. पिस्तूल अप्रतिम दिसत होते. हूर्निक यांनी ते तीन बाजूंनी पाहिले, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच त्यांना एकही दोष सापडला नाही.

"मंजूर," ते म्हणाले.

श्रीमती श्टोल्बोवा ठीक तीन वाजता आल्या. बारीक अंगाच्या, करड्या केसांच्या, आणि हातांत पांढरे सुती हातमोजे. हूर्निक यांनी पिस्तुलावरचे मखमलीचे कापड नाट्यमय रीतीने बाजूला सारले.

बाईंनी पिस्तुलाकडे पाहिले. मग सावकाश, एकेक बोट सोडवत, हातमोजे काढले, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवले.

"हूर्निकसाहेब, मला ज्याचा फोटो पाठवला होतात ते पिस्तूल कुठे आहे?"

"हेच ते! जन्मलं त्या दिवशीपेक्षा देखणं आहे."

"तेच तर. माझ्या गिऱ्हाइकाला पंचेचाळीस वर्षं हवी होती. ती तुम्ही घासून टाकलीत." त्यांनी पानांवरून बोट फिरवले. "काम सुंदर आहे. कुणाचं?"

"माझं," ओताकार लाजत म्हणाला.

"फोटोतल्या जुन्या पट्ट्या तरी आहेत ना? पहिल्या तुकडीच्या पट्ट्या आता मिळत नाहीत. त्यांचेच कोणी वीस हजार देईल."

तिघांनीही चुलीकडे पाहिले. बाईंनी त्यांच्या नजरेबरोबर चुलीकडे पाहिले, वास घेतला, आणि पुढे काही विचारले नाही.

"काल पंच्याण्णव हजार कोरुना सहज आले असते," त्या म्हणाल्या. "आज चौदा. नेमबाजीसाठी कोणी घेईल."

लिबुशेने शीतकपाटाच्या दारावरचे चित्र काढले, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात ठेवले. हूर्निक यांनी मखमलीचे कापड पिस्तुलावर पुन्हा ओढले.

"परवान्याचे कागद तेवढे दाखवा," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "नोंद करून मी निघते."

लिबुशेने शस्त्रांचे कपाट उघडले. कागद तळाशी एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर होते. ते उचलताना खोके दिसले, आणि बाई खुर्चीतून उठल्या.

"ते काय आहे?"

"ती होय? साबणदाणी," लिबुशे म्हणाली. "महिला दिनाला मिळाली होती. सत्त्याण्णव साली. मी कारखान्याच्या खाणावळीत होते. दरवर्षी एक फूल आणि एक टॉवेल द्यायचे. त्या वर्षी कारखान्याने प्लास्टिकची पिस्तुलं काढून बघितली, ती कोणी घेईना, तेव्हा परवाना असलेल्या बायकांना फूल आणि पिस्तूल दिलं, नामंजूर झालेलंसुद्धा. टॉवेल वाचवला मेल्यांनी."

"ती सगळी कारखान्याने परत मागवून वितळवली ना?"

"हो, बदल्यात इस्त्री देत होते. पण ते खोकं बगलेत मारून फाटकातून न्यायला बोहुश तयार होईना. म्हणे लोक काय म्हणतील. हातही लावला नाही त्याने. मग राहिलं."

श्रीमती श्टोल्बोवांनी पर्स उघडली. हातमोजे बाहेर आले, आणि एकेक बोट पुन्हा आत गेले. खोके बंद करणारी कागदी पट्टी अखंड होती. झाकणावर तांबडा शिक्का होता: नग क्रमांक ४१, नामंजूर. खाली सहा दोष, रेखीव अक्षरांत, आणि सही: बो. हूर्निक.

"ही तुमची सही?"

"अर्थात! मीच नाकारलं. सांगाडा लवचीक, चाप अडखळता, नेम धरायची माशी वाकडी—"

"जगात अशी चार उरली आहेत असं मी ऐकून होते. हे पाचवं. त्यात न उघडलेलं, आणि नकाराचा मूळ शिक्का असलेलं हे एकच." त्या खुर्चीत बसल्या. "एक लाख तीस हजार. माझ्याकडे माणूस तयार आहे."

"पण बाई, ते वाईट पिस्तूल आहे!" हूर्निक यांचा आवाज चढला. "मी लेखी सिद्ध केलंय! त्याला किंमत येणं हा तर्काचा खून आहे!"

"चांगली पिस्तुलं लोक वापरतात, पुसतात, त्यांच्यावर माया करतात. याच्यावर कोणी केली नाही."

ओताकार खिडकीबाहेर बघून खांदे हलवत होता. तो हसत होता की रडत, ते कळत नव्हते. हूर्निक खोक्यापाशी वाकले. सवयीने त्यांचे डोळे बारीक झाले.

"ह्या पट्टीचा कोपरा जरा सुटलाय," ते म्हणाले. "ओता, एक थेंब डिंक—"

"हात मागे!" तिघे एकदम ओरडले.

हूर्निक यांनी हात पाठीमागे बांधले. लिबुशेने एप्रनच्या खिशातून चित्र काढले, घड्या उलगडल्या, आणि ते पुन्हा शीतकपाटावर लावले.

"जूनमध्ये समुद्रावर जायचं," ती म्हणाली. "आणि तिथे तू काहीही तपासायचं नाहीस."