मास्तरांचा बागेतला वर्ग

"आज समुद्र दिसला नाही, तर मी घरी येणार नाही. इथंच राहीन," बसमधून उतरता उतरताच मास्तरीणबाईंनी सांगून टाकलं.

परदेशातल्या सहलीचा तो शेवटचा दिवस. शहरं झाली, चौक झाले, पुतळे झाले. आता तासभर ही बाग, आणि मग बस थेट किनाऱ्यावर. लग्न झाल्यापासून मास्तर दर सुट्टीत शाळेची सहल घेऊन जायचे. समुद्र पाहिला दुसऱ्यांच्या पोरांनी. बाईंनी धुतले ते मास्तरांचे वाळूने भरलेले मोजे. एकदा दोघांनी मिळून पाण्यात उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"अगं, समुद्र काय पळून जातोय?"

"समुद्र नाही, बस पळते."

बागेत एक भलंमोठं झाड होतं. त्याची जमिनीवर आलेली मुळं बाईंना दाखवावीत म्हणून मास्तरांनी मिटलेली छत्री उंच केली आणि तिथंच घोटाळा झाला. अशा ठिकाणी उंच धरलेली छत्री म्हणजे गाईड! आधी एक जोडपं थांबलं. मग गवती टोप्या घातलेले चार आजोबा आले, आणि त्यांच्या मागोमाग तशाच टोप्यांचा अख्खा घोळका.

"अहो, त्यांना मराठी कळत नाही."

"वर्गातल्या पोरांना तरी कुठं कळायचं? पण ही बघ, कशी माना डोलावतायत!"

खरंच डोलावत होती. एवढा गुणी वर्ग मास्तरांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. झाडावरून ते तळ्याकडे वळले, तळ्यावरून गुलाबांकडे. शेवटी बाईंनी त्यांचा दंड धरला.

"बसची वेळ झाली. चला."

"आणि यांना वाऱ्यावर सोडू? आपल्या मागं आलेलं पोर आपल्या जबाबदारीवर असतं."

"पोर? त्या आजोबांना कवळी आहे!"

पण मास्तरांनी तोवर सगळ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. हातात हात घालून रांग फाटकाबाहेर आली आणि मास्तरांच्या मागोमाग सरळ बसमध्ये चढली.

टूरवाली पोरगी दारातच किंचाळली, "काका! हे कोण?"

"आपलीच आहेत," मास्तर म्हणाले.

मग खरे प्रवासी आले. त्यांना बसायला जागा नाही. पाठोपाठ टोपीवाल्यांचा खरा गाईड, एक उंच माणूस, धापा टाकत आला. दोन्हीकडून मोजदाद सुरू झाली, तीही दर वेळी चुकू लागली, कारण टोपीवाले मास्तरांना प्रश्न विचारायला जागा बदलत होते.

"सॉरी काकू," टूरवाली पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "फार उशीर झाला. आता किनारा रद्द. थेट हॉटेल."

बाई पर्स मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या भांडल्या असत्या, तर मास्तरांना परवडलं असतं.

तेवढ्यात मागं हलकल्लोळ झाला. टोपीवाले उतरायलाच तयार नव्हते. उंच माणूस हातवारे करून विनवत होता.

"काका," टूरवाली पोरगी म्हणाली, "ते म्हणतायत, सर येणार असतील तरच उतरू. त्यांची बस आता किनाऱ्यालाच चाललीय. नंतर तुम्हाला हॉटेलवर सोडतील."

"जाऊ या का गं?" मास्तरांनी अपराधी आवाजात विचारलं आणि वळून पाहिलं, तर बाई केव्हाच उतरून दुसऱ्या बसच्या पायरीवर उभ्या होत्या.

किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या टोप्या वाळूत गोल करून बसल्या. मास्तरांना राहवलं नाही. "तर भरती-ओहोटी म्हणजे काय..."

बाई चपला काढून पाण्यापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या. हाका मारून हा माणूस हलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पर्समधून पाण्याची स्टीलची बाटली काढली, बॅगेची किल्ली काढली आणि बाटलीवर जोरजोरात हाणली. ठण्! ठण्! ठण्! ठण्!

मास्तर 'चंद्राच्या' या शब्दावरच थांबले. खडू नसतानाही त्यांनी हात झटकले. "बाकीचं उद्या," असं म्हणून ते मुकाट्यानं बूट काढू लागले.

पहिली लाट दोघांच्या पायांवरून गेली. एवढ्या वर्षांच्या संसारात ही युक्ती आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचंच बाईंना पाण्यात उभ्या उभ्या नवल वाटत होतं.