स्तोत्र गुणगुणणारा सोरेन्सन

धर्माचे नियम करणाऱ्यांनो, तुम्ही वर बसून एका विधुराच्या अंथरुणात डोकावलात. माझी तक्रार नाही. आत्मसंयम ही मोठी गोष्ट आहे, आणि मोठ्या गोष्टीवर कुणीतरी नजर ठेवायलाच हवी. स्वतःवरचा ताबा ज्याचा त्यानेच ठेवायचा म्हटलं, तर माणसाचा काय भरवसा?

म्हणून अमेरिकेतल्या युटामधल्या आमच्या मॉर्मन पंथाच्या गावात हे काम बिशपकडे, म्हणजे गावच्या धर्मप्रमुखाकडे असतं. आमचे बिशप रासमुसेन पोटासाठी आठवडाभर गाद्या विकतात आणि रविवारी गाद्यांवर काय चालतं ते विचारतात. (अनुभवी माणूस.) मंदिरात पाऊल टाकायचं तर त्यांचा परवाना लागतो. बंद दाराआड ते विचारतात, शुद्ध राहता का? आपण म्हणायचं, हो. मग विचारतात, प्रामाणिक आहात का? पुन्हा हो. संपलं. सगळं गाव असंच पास होतं.

एल्डन सोरेन्सनने घोळ घातला. वय सत्तरीचं, बायको व्हर्ला वारलेली, नात केल्सीचं लग्न मंदिरात ठरलेलं. परवाना नसला तर सख्ख्या आजोबालाही आत घेत नाहीत. हे ठाऊक असून हा पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "बिशप, घर फार रिकामं असतं हो. होतं कधी कधी माझ्याकडून. एकट्याचंच. व्हर्लाची आठवण आली की."

बिशपनी परवाना नाकारला आणि उपाय सांगितला: तसला विचार आला की स्तोत्र गुणगुणायचं. कुठलं, तेही सांगितलं. प्रामाणिकपणाच्या प्रश्नात मात्र एल्डन पास झाला. त्या प्रश्नात खरोखर पास झालेला आमच्याकडचा तो पहिलाच. (ही गोष्ट बिशपनी गुप्त ठेवली. फक्त बायकोला सांगितली.)

पुढच्या रविवारी प्रार्थनेत पावाचं ताट हातोहात फिरत आलं. एल्डनने तुकडा न उचलता ते पुढे दिलं. पाप केलेल्याने तो पाव घ्यायचा नसतो, त्यामुळे आमच्याकडे हे म्हणजे दवंडीच. ज्यांना बिशपच्या बायकोकडून कळलं नव्हतं, त्यांनाही कळलं.

मग पुरुषांच्या वर्गात आत्मसंयमावर वाद झाला. बादलीएवढे सोड्याचे ग्लास हातात धरून (कॉफी आम्हाला वर्ज्य आहे) आम्ही संयमावर तासभर बोललो. एकाचं म्हणणं, बायको गेली की सवलतही गेली. ब्रदर ओव्हसनला ते पटेना.

"आपल्यात लग्न मेल्यावरही टिकतं ना? मग तो स्वतःच्या बायकोचीच आठवण काढतोय. शेजारणीची नाही."

"तुला बरी शेजारीण आठवली," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. एल्डन हसला नाही. "मला केल्सीचं लग्न बघायचं होतं, एवढंच," तो म्हणाला आणि खुर्च्या आवरायला लागला.

माणूस आज्ञाधारक. तो किराणा दुकानात गुणगुणला, पोस्टात गुणगुणला, व्हर्लाच्या थडग्यापाशीही गुणगुणला. परिणाम उत्तम झाला: गावात कुणाही पुरुषाने ती चाल धरली की बायका वळून बघायला लागल्या. रविवारी तेच स्तोत्र घेतलं तर पुरुषांचा आवाजच निघेना. संयमाचा एवढा प्रसार याआधी कोणत्याही प्रवचनाने झाला नव्हता.

लग्नाच्या दिवशी एल्डन नवा सूट घालून मंदिराबाहेरच्या बाकावर बसला. आम्ही एकेक करून त्याच्यासमोरून आत गेलो. शेवटी बिशप आले. घाईत होते, ओठांवर काहीतरी चाललं होतं. तीच चाल.

एल्डनने मान वर केली. "बिशप, तुम्हाला कधीपासून?"

बिशप कानापर्यंत लाल झाले, दारावर स्वतःचा परवाना दाखवला आणि आत गेले. आत केल्सी शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. (मला चांगली जागा मिळाली होती. सगळं नीट दिसत होतं.)

तर वर बसलेल्यांनो, खरं बोललेला एकटा बाहेर आणि बाकी आम्ही सगळे आत, हे कुठलं शास्त्र? उत्तर द्या. आणि वाचकहो, तुम्ही हसताय कशाला? बसा खुर्चीवर. दार लावून घेतलंय. तुम्हालाही तोच प्रश्न आहे: शुद्ध राहता का? हो की नाही?