घेर मोजणारे सामंत

माझ्या धाकट्याच्या साखरपुड्याला नाशिकहून व्याही आले, तेव्हा सामंतांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्या फाटकाशी गुलमोहर आहे का? असला तर घेर किती?"

व्याही बिचारे गोंधळले. मुंबईकडे देण्याघेण्याची बोलणी अशी आडवळणाने काढतात असं त्यांना वाटलं असणार. आमचं तसलं काही नाही हो, आम्ही साधी माणसं, असं ते घाईघाईने म्हणाले. सामंतांनी वही काढली, "नाशिक, गुलमोहर नाही" असं लिहिलं आणि जिलबीकडे वळले.

हे सामंत आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हापासूनचा आमचा शेजार. जन्मभर त्यांनी एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांची जाडी तपासली. निवृत्तीनंतर काही वर्षं गप्प होते, बायको गेल्यावर अधिकच गप्प झाले, आणि मग एके दिवशी जे झाडं मोजायला लागले ते आजतागायत थांबलेले नाहीत. माणसाने गोळीवरून थेट झाडावर जावं, मधे कुठे थांबू नये, हे मला काही पटलेलं नाही. पण मला विचारतो कोण?

त्यांची पद्धत ठरलेली आहे. गळ्यात शिंप्याची टेप, खिशात खडू, पिशवीत वही. जमिनीपासून साडेचार फुटांवर खडूने खूण करायची, झाडाला कवेत घ्यायचं, टेप पाठीमागून फिरवून पुढे आणायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. कोण ऐकतंय याच्याशी कर्तव्य नाही.

बरं, आपल्या गल्लीतली झाडं मोजून माणूस गप्प बसला असता तर मी काही बोलले नसते. यांना सगळ्या गावांची झाडं लागतात. पुण्याला मुंज असो, कोल्हापूरला बारावं असो, सामंत जाणार, पण मुंजीसाठी नाही आणि मेलेल्या माणसासाठी तर नाहीच. "झाड तेच, वहिनी, पण हवा वेगळी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हटलं की निदान वीस मिनिटं तुम्ही कुठे जात नाही. मुंबईचा गुलमोहर म्हणे उंच आणि बेभरवशाचा. दोन इमारतींच्या फटीतून उजेडासाठी मान वर काढत जातो, पाणी वरच्या वर मिळतं म्हणून मुळं खोल नेत नाही, आणि वारा सुटला की कोणाच्या तरी गाडीवर निजतो. पुण्याचा ठेंगणा, पण छत्री पसरून बसतो. नागपूरचा उन्हाळ्यात जीव मुठीत धरून उभा राहतो आणि तशातही लालभडक फुलतो. बदाम आपल्याकडे खाऱ्या हवेत मजल्यावर मजले चढवतो, तोच कोल्हापुरात अंग चोरतो.

आमच्या सोसायटीच्या झाडांबद्दल विचारू नका. बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट आणि लाद्या घातल्यात, वर दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात. सेक्रेटरी म्हणतो, रात्री फोटो झकास येतात. सामंत म्हणतात, फाशीच्या माणसाला नेकलेस घालताय. हे ते भर सभेत म्हणाले. सभेत लिफ्टचा विषय चालला होता.

पुण्यातली गोष्ट तर आमच्या घरात अजून कोणाला हसल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्या भाच्याचं लग्न, मंगलाष्टकं सुरू आणि सामंत गायब. शोधायला गेलो तर रस्त्यापलीकडे मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकात रेन ट्रीला मिठी मारून उभे, आणि वॉचमन त्यांची कॉलर धरून. काय करतोस म्हणून त्याने विचारलं, तर यांनी शांतपणे सांगितलं होतं, "छातीच्या उंचीवर घेर घेतोय." मुलींच्या वसतिगृहाच्या दारात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. आहेराच्या पाकिटांचं काम सोडून आमच्या यांना तिकडे जावं लागलं आणि हा मनुष्य निरुपद्रवी आहे असं वॉचमनला लिहून द्यावं लागलं.

आता माझं आणि त्यांचं कुठे बिनसलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फाटकाशी जो बहावा आहे तो माझ्या थोरल्याच्या जन्माच्या वर्षी मी माझ्या हाताने लावला. थोरला आता चाळिशीचा आहे. एकदा महिला मंडळाच्या बायकांसमोर हे सांगत होते, तोच सामंत टेप घेऊन आले. न विचारता घेर घेतला आणि म्हणाले, हा फार तर अठरा वर्षांचा. वहिनींनी लावलेला मेला असणार, हा मागाहून कोणीतरी लावलाय. वर आणखी, "वहिनी, मोजल्याशिवाय बोलू नये." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हे विसरणाऱ्यांतली नाही.

दर रविवारी अकरा वाजता सामंतांना त्यांच्या मुलीचा, चित्राचा, नागपूरहून फोन येतो. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू, दार उघडं, त्यामुळे अख्ख्या मजल्याला पाठ आहे. "किती? सव्वाबावन्न? लिहितो. ठेव." संपलं. चित्राच्या घरासमोर एक गुलमोहर आहे, ती महिन्यातून एकदा टेप लावते आणि आकडा कळवते. उरलेल्या रविवारी शेंगा किती, पानं गळली का, असलं काहीतरी. मला संताप यायचा. पोरीचा नवरा कसा आहे, नात कितवीत आहे, तिचं गुडघ्याचं दुखणं थांबलं का, काही म्हणजे काही विचारायचं नाही. सुनंदा असती तर तिने फोन हिसकावून घेतला असता. सुनंदा म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण.

यंदा वैशाखात माझ्या भाचीच्या वास्तुशांतीला मी नागपूरला गेले. दुसरा कोणी असता तर सामंतांनी त्याच्या पिशवीत टेप कोंबली असती. मला म्हणाले, तुम्ही आपलं सावलीत बसा, काही मोजू नका. मला वाटलं, घ्या, माझ्या मोजण्यावरसुद्धा भरवसा नाही. तिथल्या तिथे ठरवलं की चित्राच्या दारचा गुलमोहर आपण मोजायचा आणि एका इंचाची जरी चूक निघाली तरी सगळ्या मजल्यासमोर ती दाखवायची. सुनंदा फराळ पाठवायची तो पत्ता माझ्याकडे होताच.

भाचीची टेप घेऊन भर दुपारी रिक्षाने गेले. चित्राच्या दाराला कुलूप, ती कामावर गेलेली. समोर गुलमोहर नाही. गुळगुळीत सिमेंटचा रस्ता, कडेला लाद्या. शेजारची बाई कुरडया वाळत घालत होती, तिला विचारलं, इथला गुलमोहर कुठे गेला? ती म्हणाली, "तो तं तोडला नं जी. रस्ता रुंद केला तेव्हाच. दोन उन्हाळे झाले."

खरं सांगते, त्या उन्हात मला इतका गारवा वाटला. दोन वर्षं हा माणूस नसलेल्या झाडाचा घेर वहीत लिहितोय आणि मला म्हणतो मोजल्याशिवाय बोलू नका.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संत्रा बर्फीची बशी घेऊन त्यांच्याकडे गेले. आधी बर्फी दिली. मग विचारलं, नागपूरचा गुलमोहर किती झाला हो? त्यांनी वही उघडली, म्हणाले, त्रेपन्न. मग मी सगळं सांगितलं, सिमेंट, लाद्या, कुरडया, सगळं. अगदी चव घेऊन सांगितलं.

सामंतांनी वही मिटली. दचकले नाहीत.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "आधीचे आकडे खरे होते. पावसात सुटायचा, उन्हाळ्यात आवळायचा. मग एकदम दर महिन्याला पाव इंच. वैशाखातसुद्धा पाव इंच. वहिनी, नागपूरचं झाड वैशाखात वाढत नाही. आणि इतकं सारखं तर कुठल्याच गावात वाढत नाही. असा स्वेटर वाढतो."

मग तिला बोलला का नाहीत, मी विचारलं. माझ्या आवाजातला जोर अजून गेला नव्हता.

"बोललो तर रविवारी आम्ही काय बोलायचं?"

मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? चित्राने स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवशी सुनंदा एकटी गेली होती आणि हे याच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पुढे बापलेकीतलं सगळं बोलणं सुनंदाच्या तोंडून चालायचं. बाबांना सांग, चित्राला विचार. ती गेल्यावर, सामंत सांगत होते, पहिल्या रविवारी चित्राचा फोन आला आणि दोघंही गप्प. किती वेळ गप्प ते त्यांनी घड्याळात बघितलं होतं. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून यांनी विचारलं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? गुलमोहर, ती म्हणाली. आणि गोळ्या मोजलेल्या माणसाला पुढचं एकच सुचलं. घेर किती?

"एकाच झाडावर किती बोलणार?" सामंत म्हणाले. "मग पुण्याचं मोजलं, कोल्हापूरचं मोजलं. तिकडचं असं आहे, तुझं कसं आहे, असं विचारता येतं."

मी म्हटलं, एकदा उठून नागपूरला जा. हात धरून न्यायला कोणी येणार नाही. ते म्हणाले, गेलो तर ती खिडकीशी नेणार नाही, आणि का नेत नाही ते मला कळलेलं तिला कळेल. मग ती आकडे सांगायची थांबली तर? एवढं बोलून त्यांनी मला विनंती केली, आणि सामंतांनी कोणाला विनंती केलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी त्या गल्लीत गेले होते हे चित्राला कळू देऊ नये म्हणाले.

रविवारी अकराला मी रिकामी बशी आणायला गेले. बशी काही आणीबाणीची नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू. फोन आला. त्रेपन्न आणि पाव, बाबा, चित्रा म्हणाली. सामंत हं म्हणाले आणि लिहून घेतलं. आता ते ठेव म्हणणार, म्हणून मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. शेजारीण म्हणून एवढा हक्क आहे मला.

सामंत घसा खाकरून म्हणाले, "आणि वरची फांदी? तुझ्या गॅलरीकडे येणारी?"

सामंतांनी पेन्सिल घट्ट धरली होती.

"आहे ना," चित्रा म्हणाली. "यंदा कावळ्याने घरटं केलंय तिच्यात."

"पिल्लं किती?"

"थांबा, बघते हं."

फोनमधून खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला. मग रस्त्यावरचे हॉर्न.

सामंतांनी फोन कानाजवळ ओढला. "सावकाश बघ," ते म्हणाले. "मी बसलोय."