चंद्राक्काने बॅगेत सामान भरले

एका जंगलात, मुलांनो, चंद्राक्का नावाची एक साळिंदरबाई राहत होती. तिची लेक केवडा डोंगरापलीकडे दिली होती. केवडाचे दिवस भरत आले होते. "आई, तू जवळ असलीस की मला भीती वाटणार नाही," असा तिचा निरोप आला होता. चंद्राक्काने डिंकाचे लाडू वळले, दुपटी शिवली, कुंची शिवली.

आता हे सगळे न्यायचे कशातून?

शेजारची मुंगसीण ठकूबाई म्हणाली, "गाठोडं नेऊ नकोस गं बाई. तुझी विहीण मोठी तोऱ्याची. चामड्याची बॅग घे."

बॅगा मोराच्या दुकानात मिळत. कोणाचे चामडे, हे विचारायचे नाही, असा जंगलात शिष्टाचार होता. मोराने बॅग पुढे ठेवली आणि मागे पिसारा फुलवला. पिसारा फुललेला असताना बॅगेची शिवण बघायची कुणाला सुचते? चंद्राक्कालाही सुचले नाही. पावसाळाभर जमवलेले कंद तिने मोराला दिले आणि बॅग घरी आणली. चामड्याचा वास घेत ती बराच वेळ नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. ओढ्यापर्यंत सगळे झकास होते. ओढ्याच्या मध्यावर पट्टा तुटला. बॅग सावरायला गेली तर चेन उघडली. चेन धरली तर तळाची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. लाडू पाण्यात पडले. दुपटी वाहत चालली, ती तिने कशीबशी गोळा केली. मासे मात्र त्या वर्षी फार बाळसेदार झाले.

चंद्राक्काला रडू आले, आणि मग राग आला. पुढे जावे की मागे फिरावे? ती मागे फिरली. "आधी त्या मोराला जाब विचारते, मग जाते," ती म्हणाली.

मोराने बॅग उलटसुलट करून पाहिली. मग गंभीर होऊन विचारले, "बाई, तुम्ही हिच्यात सामान भरलं होतंत का?"

"मग काय भरायचं?"

"लगेच भरलंत! चामड्याला आधी सवय लावावी लागते. काही दिवस रिकामी फिरवायची."

"प्रवासाची बॅग आहे ना ही?"

"आहे ना. पण तुमच्या अंगावर काटे आहेत. काटेवाल्यांच्या वापराला आमची हमी नाही. तरी तुमचं समाधान झालं पाहिजे. आत जा, सरडेरावांना भेटा."

सरडेराव तक्रारी ऐकत. चंद्राक्का बोलू लागली तसे ते मान डोलवू लागले. पट्ट्याचे सांगितले, मान डोलली. लाडवांचे सांगितले, जास्तच डोलली. इतके मन लावून तिचे कुणी ऐकलेच नव्हते. ती हलकी होऊन बाहेर आली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आले, की बॅग अजून फाटकीच आहे.

मग ती दुकानाच्या पायरीवर बसली. ओरडली नाही, भांडली नाही. गिऱ्हाईक आले की बॅगेत हात घालायची, तळातून पंजा बाहेर काढायची आणि हलवायची. गिऱ्हाईक आल्या पावली परत जायचे.

मोराचा पिसारा मिटला. "घ्या बाई, दुसरी घ्या."

चंद्राक्काने दुसऱ्या बॅगेत दगड भरले आणि उचलली. पट्टा तिच्या हातात आला, बॅग जमिनीवर राहिली. तिसरी घेतली, तिची चेन सुटली. चौथीचा तळ गेला. आता तिला चेवच चढला. ती एकेक बॅग काढून दगड भरू लागली. बघायला ही गर्दी जमली. सगळे शाबासकी देऊ लागले. केवडाची आठवण कुठल्या कुठे गेली.

तेवढ्यात गर्दीतून ठकूबाई धापा टाकत आली. "अगं चंद्रे, निरोप आलाय, केवडाला कळा सुरू झाल्यात! आणि तू इथं दगड भरत काय बसलीस?"

चंद्राक्काच्या हातातला दगड गळून पडला. ठकूबाईने डोक्याचा फडका सोडून तिच्या हातात दिला. त्यात ओली दुपटी बांधून चंद्राक्का जी पळत सुटली, ती ओढ्यातही थांबली नाही.

तिच्या मागे मोराने दारावर पाटी लावली : 'आमच्या बॅगा सामानासाठी नाहीत. ज्यांचे सामान दुसरे उचलतात, त्यांच्यासाठी आहेत.' संध्याकाळपर्यंत सगळ्या बॅगा खपल्या. ज्यांनी शाबासकी दिली होती, ते रांगेत पुढे होते.

चंद्राक्का पोचली तेव्हा पिल्ले जन्मून डोळे उघडून बसली होती. केवडा रागावली नाही. "आलीस?" एवढेच म्हणाली, आणि कुशीवर वळली. ती रागावली असती तर बरे, असे चंद्राक्काला वाटले.

विहीणबाईंनी उशिराचे कारण विचारले. चंद्राक्काने पट्ट्यापासून तळापर्यंत सगळे सांगितले.

विहीणबाई हसल्या. बिळाच्या दर्शनी भिंतीवर त्यांची बॅग टांगलेली होती. त्याच दुकानातली, तशीच, चकचकीत.

"आमच्या लग्नातली आहे ही," त्या म्हणाल्या. "अजून टाकासुद्धा हललेला नाही. तुम्हाला वस्तू नीट वापरता येत नाहीत, विहीणबाई."

तात्पर्य : मुलांनो, वस्तू कधीच वाईट नसते. तिच्याकडून काम करून घ्यायला जाणारा वाईट असतो. म्हणून बॅग घ्यावी, भिंतीला टांगावी, आणि दुसऱ्याची फाटली की आपण मनापासून हसावे.