झुरळ्या आमचा वेगळाच!

सांता मार्ताच्या डोंगरात जाहिरात करावी तर ती मीच! खाली साडू फर्मिनचं लॉज, वर माझं. आमच्याकडे झुडपांत उड्या मारणारा, आखूड शेपटीचा इवलासा पक्षी आहे. नाव झुरळ्या, कारण झुरळं खातो. पण तो फर्मिनकडेही दिसायचा, मग वर कोण तडफडायला येणार?

यंदा विद्यापीठातल्या बाईंनी निकाल दिला. वरच्याची चोच लांब, गाणं निराळं, खालच्याच्या गाण्याला तो हुंगतही नाही. म्हणजे स्वतंत्र जात! जिंकलो! मी वळणावर पाटी ठोकली: ‘खालच्यापेक्षा मोठ्या चोचीचा झुरळ्या! प्रत्येक खोलीशी हमखास!’

“‘पक्षी’ असं लिहा,” नुबिया म्हणाली. बायकोच ती!

“शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!”

शहरातल्या पाहुण्यांना नव्हतं. पाटी वाचून गाड्या माघारी वळू लागल्या. मग कुलूप घेऊन आरोग्य खात्याचे साहेब आले. मला वाटलं, पक्षीप्रेमी!

“किती आहेत?” गादी उचलत त्यांनी विचारलं.

“खोलीमागे एकेक जोडी! पिल्लं वेगळीच!”

“मारत नाही?”

“मारू? साहेब, रोज सकाळी शीळ घालून बोलावतो!”

साहेबांनी गादी टाकली आणि थेट फाटकाला कुलूप लावायला निघाले. जन्माची कमाई त्या चार खोल्यांत! तेवढ्यात नुबिया लाटणं टाकून धावली.

“अहो साहेब, पक्षी! पक्षी आहे तो! आमचे हे अर्धवट लिहितात!”

“दाखवा.”

तिने मोबाइलवर बाईंनी दिलेलं खालच्याचं गाणं लावलं. झुडूप गप्प. साहेबांनी किल्ली फिरवायला घेतली. मग तिने वरच्याचं गाणं लावलं, आणि काय सांगू! झुडपातून अशी काही तान घुमली की साहेबांचा हात जागीच थांबला.

“अरेच्चा! खरंच वेगळा!” कुलूप पिशवीत गेलं. मी तर साहेबांना मिठीच मारली. नुबियाने कॉफी आणि मक्याच्या भाकरीसारखे गरम आरेपा आणले.

इतक्यात खुद्द झुरळ्या स्वयंपाकघरातून उडत आला आणि ऐटीत फाटकावर बसला. चोचीत अंगठ्याएवढं झुरळ, पाय झाडत!

साहेबांनी आरेपा खाली ठेवला.

“पक्ष्याची जात कळली. आता चोचीतल्याची सांगा!”

“साहेब,” मी म्हटलं, “ते खालचं, फर्मिनच्या लॉजवरचं!”