वाढत्या पायाचे बूट

माझं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट. नांदेडच्या आमच्या घरी पाहुणे बैठकीत पोहे खात होते आणि व्यंकटमामा गायब. लातूरहून खास या कार्यक्रमासाठी आलेला माणूस! मी मागच्या दारानं जाऊन बघते, तर मामा अंगणात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचे बूट घालून फेऱ्या मारत होते.

"मामा, काय करून राहिलात?"

"गप गं माय. पायाला इचारू दे."

फेऱ्या झाल्यावर बूट होते तसे जोडीनं ठेवले आणि आत येऊन आईच्या कानात निकाल सांगितला, "माणूस कंजूष न्हाई. टाच लई चांगली हाय. देऊन टाका पोरगी."

दिली. सासरे कंजूष निघाले नाहीत.

मामा लातूरला शाळेत खेळाचे मास्तर होते. पोरं प्रार्थनेला डोळे मिटून उभी असायची आणि हे रांगेतून सगळ्यांच्या बुटांची टोकं दाबत फिरायचे. अंगठा आखडलेला सापडला की बापाला निरोप जायचा. शनिवारी पादत्राण घ्यायचं नाही आणि इतर वारीही संध्याकाळीच घ्यायचं, हा त्यांचा नियम. "सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून सुजला की खरं बोलतो," म्हणायचे. गंजगोलाईच्या बाजारातले बूटवाले त्यांना बघितलं की आधी चहा सांगायचे, कारण मुक्काम लांबणार हे ठरलेलं.

पोरांचे बूट मात्र एक नंबर मोठेच. "वाढता पाय हाय." शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हा भाचरांना घेऊन जायचे. मग त्यांच्या घरी ओसरीवर वाती वळत बसलेली मामी त्याच कापसाचे बोळे करून बुटांच्या टोकात कोंबायची. पाय वाढेल तसा कापूस कमी व्हायचा. शेवटचा बोळा निघाला की मामा जिलबी आणायचे. वाढदिवस कुणाच्या ध्यानात नसायचा, पण जिलबी चुकायची नाही. काय दिवस होते ते! आता मामी नाही. ओसरीला ग्रील लागलं, आणि मामा एकटेच आहेत.

त्यांचा एकुलता एक अजित. अख्ख्या महाराष्ट्राची पोरं शिकायला लातूरला येतात आणि हा पठ्ठ्या दहावी होऊन पुण्याला गेला. जाताना मामांनी घेऊन दिलेले बूट शेवटचे. मग नोकरी, बायको, फ्लॅट सगळं तिकडेच. गेल्या वर्षी फोनवर मामांना सहज बोलून गेला, "अण्णा, रविवारी साहेब लोकांबरोबर गोल्फ खेळतो. परवा ओल्या गवतावर सटकन घसरलो."

झालं! दुसऱ्याच दिवशी मामा लातूरच्या एसटीनं नांदेडला, माझ्या सासरच्या दारात हजर.

"पोरगं पडलं आन् म्हणतं, बूट घेतो कधीतरी. चल माय."

नांदेडच्या दुकानदारानं क्रिकेटचे दाखवले, पळायचे दाखवले. गोल्फचे म्हटल्यावर तो मामांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला. शेवटी हैदराबादहून मागवून देतो म्हणाला. तोवर मामांनी माझ्या मुलाच्या मोबाइलवर गोल्फ बघून बघून पक्कं केलं, की हा खेळ हाताचा नाही, पायाचाच आहे. "मारताना अंग गरकन फिरतंय बघ. बुटानं बाजूनं धरलं पाहिजे. टाच हलली की माणूस गेला."

बूट आले त्या संध्याकाळी दुकानात हीऽ गर्दी! मामांनी बादली मागवली. एक जोड घालून बादलीत उभे राहिले, बाहेर आले, मोजा पिळला. "बूट हाय का चाळणी? ठेवा आत." दुसरा जोड पाण्यात टिकला. मग शेजारच्या शाळेच्या ओल्या गवतावर जाऊन, छत्री उलटी धरून, नसलेल्या चेंडूला टोला. दुकानदार मागून हात जोडत आला, "मास्तर, चिखल लागंल हो." मामा पुन्हा वळले, पुन्हा टोला. टाच जागची हलली नाही. तळाच्या मऊ खुंट्यांनी गवत धरून ठेवलं होतं.

"हाव. हेच. ह्यातला दहा नंबर द्या."

"मामा, हा तर तुमच्या मापाचा, नऊ आहे. अजितचा पाय दहा आहे?"

मामा बसून नाडी सोडायला लागले. ती सुटलेली नाडी त्यांनी परत बांधली आणि परत सोडली.

"फोन करून विचारा की," मी म्हटलं.

"बापानं पोराला पायाचा नंबर इचारायचा?" ते खालीच बघत म्हणाले. "मोठा साहेब हाय आता. वाढला असंल."

सगळ्या गावाचे पाय ज्याला पाठ, त्याला पोटच्या पोराचा माहीत नव्हता. दहा नंबरचा जोड पुण्याला गेला.

पुढच्या रविवारी अजितनं मैदानावरून व्हिडिओ कॉल केला. मामा माझ्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनी त्याला चालायला लावलं, वळायला लावलं.

"टाच उचलते का?"

"नाही अण्णा. एकदम मापाचे आहेत."

"अंगठ्याला जागा?"

"हाय की."

मामांनी मान डोलावली, फोन माझ्याकडे दिला आणि चहा मागितला.

महिन्याभरानं मी पुण्याला अजितकडे उतरले. दाराशी ते बूट होते. मामांची भाची मी, सवयीनं आत हात घातलाच. टोकात कापसाचे बोळे! अजित मागे उभा होता. "आठ नंबर आहे गं ताई माझा. दहावीपासून तोच," तो हळूच म्हणाला. "अण्णांना बोलू नकोस."

मी बोलणार नव्हतेच. पण परत आल्यावर लातूरला गेले, तर पाणी प्यायच्या आधीच मामांनी विचारलं, "कापूस घातलाय न्हवं?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"दिसलं मला त्या दिवशी. टोक जड झाल्यासारखं पाऊल टाकून राहिला होता. लहानपणी तसंच चालायचा." ते ग्रीलमधून बाहेर बघत राहिले. "मला वाटलं, आपण बघितलं न्हाई तेवढ्यात लई वाढला असंल."

मग उठले आणि पायात चपला सरकवल्या.

"बस माय. जिलबी आणतो."

"अहो, कापूस निघाला कुठं अजून?"

"न्हाई निघाला," मामा पायरी उतरता उतरता म्हणाले, "म्हणून तर."