बाप धावत नाही

प्रिय रूथ आणि निखिल,

उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा तुम्हाला कंटाळा येतो, असं तुमच्या आईनं कळवलंय. म्हणून आज आमच्या शांतवन पाळकांबद्दल लिहिते. त्यांना त्या गोष्टीतली एक ओळ मुळीच मान्य नव्हती.

महायुद्धाच्या दिवसांत आम्ही राहुरीजवळ, चर्चला लागूनच राहत होतो. पाळकांचा कुठलाही उपदेश "आपल्याकडं असं नसतं" इथं येऊन थांबे. येशूच्या दाखल्यातल्या, म्हणजे बोधकथेतल्या, पेरणाऱ्याचं बी वाटेवर पडतं, म्हणून ते त्याच्यावर रागावत. पाभरीनं पेरायला काय झालं होतं? कुमारींच्या दाखल्यातला नवरदेव उशिरा येतो, एवढं मात्र त्यांना पटे.

उधळ्या पुत्रापाशी ते हट्टालाच पेटत. धाकट्यानं बापाच्या हयातीत वाटणी मागितली, सगळं उडवलं, उपाशी परतला, आणि बाप त्याच्याकडे धावत गेला.

"धोतर सावरत? गावासमोर?" पाळक विचारत. "आपल्याकडं बाप ओट्यावर बसतो. पोरगं येतं, पाया पडतं. मग बघू."

एकदा नगरहून मिशनचे साहेब आले. ग्रीक तत्त्वज्ञांचे आधार देत त्यांनी सांगितलं, की बापाचं धावणं म्हणजे अनंतानं सान्ताकडे झेपावणं. भाषांतर माझ्याकडे होतं. मंडळी माझ्याकडे दयेनं पाहत होती.

पाळकांनी शांतपणे विचारलं, "साहेब, अनंताला गुडघेदुखी असती का?"

हसू ओसरल्यावर मंडळीतली सुंदराबाई मागून म्हणाली, "पाळकबाबा, तुमचा दावीद आला तर बसूनच ऱ्हाल?"

दावीद त्यांचा धाकटा. वाटणीवरून भांडून पलटणीत गेलेला. दोन वर्षं पत्र नव्हतं.

"बसूनच," पाळक म्हणाले. त्या दिवशी शेवटचं गीत सांगायचं ते विसरले.

लढाई संपल्यावरच्या एका रविवारी ते लग्नाच्या घोषणा वाचत होते. वराचं नाव झालं. उघड्या दारातून, उसाच्या कडेनं, एक जण लंगडत येताना दिसला. वधूचं नाव राहूनच गेलं. साठीचे पाळक पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरून, एका पायात वहाण, अख्ख्या गावासमोर धावत सुटले. कोणी हसलं नाही. राहिलेली वहाण सुंदराबाईनं उचलली आणि पदरानं पुसली.

पुढच्या रविवारी त्यांनी पेरणाऱ्याचा दाखला घेतला आणि पाभरीवरून पुन्हा रागावले.

त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आता माझ्या कपाटात आहे. बापाच्या धावण्याच्या ओळीशेजारी शाईनं लिहिलंय, "आपल्याकडं असं नसतं." खाली पेन्सिलीनं, "असतं."